उजव्या कानात उरलेलं

हर्षालीचा डावा कान लहानपणी गालगुंड झाले तेव्हाच गेला होता. उजव्यावर तिचं छान चाललं होतं. तीन वर्षांपूर्वी तिला साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी झाला. सहा महिने इंजेक्शनं घ्यावी लागली. टीबी गेला, पण त्या इंजेक्शनांनी उजव्या कानातले बारीक आवाज नेले. जाड आवाज तेवढे राहिले: ट्रकचं इंजिन, फ्रिजची घरघर आणि वणीला राहणाऱ्या तिच्या वडिलांचा, गोटीराम आप्पांचा भरदार आवाज. फोनवर तिला फक्त त्यांचंच बोलणं समजायचं. नवऱ्याचा, मनोजचा, नुसता आवाज यायचा; शब्दांसाठी ती ओठ वाचायची. सहा वर्षांच्या लेकीचा, निकिताचा आवाज मात्र तिच्यापर्यंत पोचतच नसे.

एकदा गंगापूर रोड ओलांडताना निकिता मागून "आई, थांब!" म्हणून किंचाळली. हर्षालीला पत्ताच नाही. दुचाकी तिच्या ओढणीला घासून गेली. त्याच आठवड्यात ती कानाच्या ऑपरेशनला तयार झाली.

सर्जनबाईंनी काही लपवलं नाही. "कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक तार सरकवायची. बारीक आवाज यंत्रातून येतील. जाड आवाज तुमचे तुम्हाला येत राहावेत म्हणून तार अगदी सावकाश घालू, स्टिरॉइड देऊ. पण उरलेलं ऐकणं टिकेलच, असा शब्द मी देणार नाही. लगेच जाऊ शकतं, काही महिन्यांनीही जाऊ शकतं."

"डाव्या कानात घातली तर?"

"तो तीस वर्षं बंद आहे. त्यात फारसा उपयोग होणार नाही."

हर्षालीने कागदावर सही केली.

शुद्धीवर आली तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. नर्सने कागदावर लिहिलं, 'सूज आहे, घाबरू नका.' ती घाबरलीच. दहा दिवस तसेच गेले. अकराव्या दिवशी स्वयंपाकघरात घरघर जाणवली. तिने फ्रिजला कान लावला आणि रडायला लागली. सोबतीला आलेल्या आप्पांनी हाक मारली, "हर्षे!" ती वळली.

महिन्याने कानामागे लावायचं यंत्र सुरू केलं. निकिताचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा आला, पण शब्द कळले. "आई, मी बोलतेय ना!"

दोन आठवडे सुखाचे गेले. मग एका सकाळी, यंत्र लावण्याआधी, आप्पांचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. तिने फ्रिजला कान लावला. गालाला थरथर लागली, कानात काही नाही. तिने गुपचूप यंत्र चढवलं. आता आप्पा बोलले की कुणी परकाच माणूस किरट्या आवाजात बोलतोय असं वाटलं.

ती कुणाला बोलली नाही. स्वतः ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. रिपोर्टला घाबरून उशिरा येणाऱ्या पेशंटवर चिडायची. आता तिलाच तपासणी नको होती. आलेखावर उतरलं की ते खरं होणार होतं.

तिसऱ्या सकाळी ती यंत्र न लावताच कणीक मळत असताना आप्पा एकदम समोर आले. मागून बऱ्याच हाका मारल्या असाव्यात. चेहरा पांढरा पडला होता. तिने ओठ वाचले, "कधीपासनं?"

तिने दोन बोटं दाखवली.

"आन् गप बसली व्हय? चल, आवर."

दवाखान्यात, कान तपासायच्या काचेच्या खोलीत, आवाज आला की दाबायचं बटण हातात धरून ती बसली. दाबण्यासारखं बराच वेळ काही आलंच नाही. आलेखाची रेघ खाली गेली होती. सर्जनबाई म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी यायचं होतं, हर्षाली."

"परत येईल?"

"कधी येतं, कधी नाही. आजच गोळ्या सुरू करू."

गोळ्यांनी तिची झोप उडाली, तोंड सुजलं. रोज सकाळी यंत्राशिवाय ती आप्पांसमोर बसायची. ओठ दिसू नयेत म्हणून आप्पा तोंडावर टॉवेल धरून काहीतरी बोलायचे. ती मान हलवायची: नाही. सातव्या दिवशी तिने हात जोडले, "आप्पा, बस झालं. मला सहन होत नाही." आप्पांनी टॉवेल खाली केला आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "मला बी लय भ्या वाटतं, पोरी. तरी बसू."

नवव्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तसं काहीसं कानात झालं.

"तुम्ही बोललात," ती म्हणाली. "काय बोललात ते नाही कळलं. पण बोललात."

आप्पांनी टॉवेलनेच डोळे पुसले.

अखेर निम्मं परत आलं, निम्मं गेलं. गेलेल्या भागासाठी यंत्राची जुळणी बदलली. उरलेलं किती दिवस राहील हे सर्जनबाईंनाही सांगता आलं नाही. आप्पा वणीला परतले.

"आई, अजून घाबरतेस?" निकिताने एकदा विचारलं.

"रोज," हर्षाली म्हणाली. तिने मुलीला जवळ ओढलं. "म्हणून एक काम कर. सकाळी यंत्र लावायच्या आधी बाबांना मला मागून हाक मारायला सांग. मी वळले नाही आणि 'काही नाही' म्हणाले, तरी ऐकायचं नाही. तेव्हाच्या तेव्हा दवाखान्यात न्यायचं."

निकिताने मान डोलावली. तीही जरा घाबरली होती.