चादरीचं दुसरं टोक

एखाद्या एकट्या माणसाला डबल बेडच्या चादरीची घडी घालायला लावून बघा. आधी तो दोन्ही हात फाकवतो, मग एक कड हनुवटीखाली दाबतो, मग गुडघ्याने काहीतरी करू पाहतो. शेवटी चादरीचा बोळा कपाटात कोंबतो आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघतो. चादर हा दोघांचा कारभार आहे. एकाने धरायचं, दुसऱ्याने चालत यायचं.

लाँड्रीवालीला हे कुणी सांगायला नको होतं. तिच्या आईने हे दुकान थाटलं तेव्हा ती शाळेत होती आणि धाकटी बहीण धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत झोपायची. दोघी हाताशी आल्यावर आईने चादरींचं काम त्यांच्यावर सोपवलं, आणि चादरींबरोबर एक गाणंही दिलं. आईनेच कधीतरी जुळवलेलं, देवाला घातलेलं, साधंसुधं:

दार लावू नको देवा, वाटेवर आहे मी,
पाऊल माझं हळू पडे, तरी येत आहे मी.

गाण्यावर घडी चालायची. थोरली पहिली ओळ उचलायची, दोघी चादर ताणून समोरासमोर चालू लागायच्या, अर्ध्या वाटेवर धाकटीचा आवाज येऊन मिळायचा, आणि ‘मी’ म्हणताना दोघींची नाकं एकमेकींना लागतात की काय अशा त्या समोर यायच्या. तिथे धाकटी आपली टोकं थोरलीच्या हातात द्यायची. त्यात अर्धा श्वास जायचा. मग धाकटी वाकून लोंबती घडी उचलायची आणि दुसरी ओळ म्हणत मागे सरकायची. त्या अर्ध्या श्वासात काही म्हणायचं नसायचं, नुसतं थांबायचं. पण ते थांबणंच खरं तर गाणं होतं. चादर जमिनीला टेकली तर आई आतून ओरडायची, “टेकली ना? टाक परत पाण्यात!” तिला भिंतीआडून कसं दिसायचं, ते एक देवच जाणे.

आई गेली, दोघींची लग्नं झाली, केस पांढरे झाले, तरी गाणं आणि चादरी चालूच राहिल्या. मग धाकटीच्या मुलाला समुद्रापलीकडे नोकरी लागली. त्याला जुळं झालं आणि तान्ह्यांना सांभाळायला म्हणून काही महिन्यांसाठी गेलेली धाकटी तिकडचीच झाली. थोरलीने लाकडी फळीला दोन मोठे चिमटे ठोकून घेतले. धाकटीची टोकं आता ते चिमटे धरायचे. चिमटे कामाला चोख होते. कधी रजा मागायचे नाहीत, कधी उशिरा यायचे नाहीत. फक्त चालत समोर यायचे नाहीत.

दुकानही आता पहिल्यासारखं गजबजत नसे. आता गिऱ्हाईक येत नाही, त्याची पिशवी येते. फोनवर ऑर्डर, पिशवीवर चिठ्ठी, हेल्मेट घातलेला माणूस दारातूनच ठेवून जातो. कुणाच्या शर्टाची कॉलर का फाटली, कुणाच्या घरी पाहुणे का राहिलेत, काही कळायला मार्ग नाही.

तसं फोनने दिलंही पुष्कळ, नाही कशाला म्हणा! धाकटी रोज दिसायची. तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो, जुळ्यांतला एक सारखा चमचे लपवतो, तिने केस कापलेत आणि ते तिला मुळीच शोभत नाहीत, हे सगळं थोरलीला ठाऊक होतं. चेहरा मिळाला होता. पण चेहरा मिळाला की माणूस मिळालं असं वाटतं, आणि ते तसं नसतं, हेही तिला त्या फोननेच शिकवलं.

एके दिवशी धाकटी गळ्याला हात लावून म्हणाली, “ताई, घाबरू नकोस हं. गाठ निघालीय. साधीच आहे. गुरुवारी काढणार.”

“साधी आहे तर काढतात कशाला?”

“वाढतेय म्हणून. पण ती बसलीय आवाजाच्या नसेला खेटून. डॉक्टरीण म्हणाली, आवाज आहे तसा राहील, नाहीतर घोगरा होईल. वरचे सूर जातीलही.” मग ती उगाचच हसली. “ताई, गुरुवारच्या आत एकदा आपलं गाणं म्हणू या ना. दोघींनी, बरोबर.”

“त्यात काय, आत्ता म्हणू,” थोरली म्हणाली आणि फोन इस्त्रीच्या टेबलावर डब्याला टेकवून उभा केला.

तिने ओळ उचलली. अर्ध्या वाटेवर धाकटीची वाट पाहिली. धाकटीचा आवाज आला तो ओळ संपल्यावर. थोरलीला वाटलं, हिला दम लागतोय, जरा हळू घेऊ. तिने हळू घेतलं. तिकडे धाकटीला वाटलं, ताई मागे पडतेय, वय झालं तिचं, आपणही थांबू. तीही थांबली. एक थांबली म्हणून दुसरी थांबली, दुसरी थांबली म्हणून पहिली आणखी थांबली, आणि गाणं भर रस्त्यात बसून राहिलं.

“म्हण ना!” थोरली म्हणाली.

“तू म्हण ना!” त्याच वेळी तिकडून आलं.

“अगं, मी तुझ्यासाठी थांबलेय.”

“मग मी कुणासाठी थांबलेय?”

पुन्हा केलं, पुन्हा तेच. धाकटीने डोळे पुसले आणि दोष नळाच्या आवाजावर ढकलला. कुणाच्याही सुरात खोट नव्हती. जन्मभर एकमेकींसाठी थांबायची सवय, तीच आडवी आली.

थोरलीची सून संध्याकाळी कामावरून उठली. कामावरून म्हणजे आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून. सासूचा चेहरा पाहून ती म्हणाली, “अहो आई, नेट खराब नाहीये. आवाजाला तिकडे पोचायला वेळ लागतोच. तुमचा तिकडे उशिरा पोचतो, त्यांचा इकडे उशिरा येतो. बोलताना कळत नाही, गाताना कळतं.”

“मग वाढव ना काहीतरी. प्लॅन, स्पीड, काय असेल ते.”

“समुद्र कुठून कमी करू?” सून हसली. “असं करू, तुमचं वेगळं रेकॉर्ड करते, मावशींचं वेगळं, आणि दोन्ही जोडते. कुणाला कळणारही नाही.”

“मला कळेल. तिचा आवाज जोडशील गं, पण माझं टोक हातात घ्यायला ती थांबते, ते कुठून जोडशील?”

सुनेने आधण ठेवलं. मग चहा ओतता ओतता तिला काहीतरी आठवलं आणि ती खुदकन हसली. “आमच्या ऑफिसात परवा साहेबांचा वाढदिवस होता. सगळे आपापल्या घरून गायला लागले. काय तो गोंधळ! वरातीत कुत्री शिरल्यासारखा. शेवटी ठरलं, एकीनेच माईक चालू ठेवायचा, बाकीच्यांनी बंद. ती बिचारी एकटी गात होती. आणि आम्ही प्रत्येकजण तिच्याबरोबर गात होतो, तर आम्हाला वाटत होतं सगळं कसं छान जमलंय.”

थोरलीचा कप ओठापाशी थांबला. “आणि तिला? तिला काय ऐकू येत होतं?”

“तिला? तिला काहीच नाही.”

थोरलीने मग चहा प्यायलाच नाही. म्हणजे एकीने न ऐकता म्हणत राहायचं, की दुसरीच्या घरात दोघी बरोबर असतात. दोघींना मिळून हवं ते एका वेळी एकीलाच मिळायचं होतं.

बुधवारी तिने धाकटीला हे समजावून सांगितलं. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि लहानपणी बसायची तशी हटून बसली.

“मग मी पुढे म्हणते. तू माझ्या मागून ये आणि तूच ऐक. आवाज माझा जायचाय. तुझ्या कानात राहू दे.”

“तू आणि पुढे? जन्मात कधी पहिली ओळ उचललीस का, बाळे? नेहमी माझ्या शेपटाला.”

“उचलते की! त्यात काय एवढं!” धाकटीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “ताई, ते सुरुवातीला कुठून घ्यायचं गं?”

दोघी हसल्या. आधी ही, मग जरा वेळाने ती. तिचं पोचेपर्यंत हिचं हसू संपलेलं असायचं, मग तिचं पाहून हिला पुन्हा यायचं.

“ऐक,” थोरली म्हणाली. “उद्या तू तिथे पांढऱ्या दिव्याखाली आडवी होणार. तेव्हा तुझ्या कानात काही असायला हवं. मी म्हणते. मी तुझा आवाज बंद करणार, म्हणजे मला थांबायचा मोह होणार नाही. तू नेहमीसारखी ये.”

“मी आले की नाही, ते तुला कसं कळणार?”

थोरलीला आई आठवली. पहाटे दुकान उघडायच्या आधी आई भिंतीकडे तोंड करून हेच गाणं म्हणायची. टोपलीतून धाकटीने एकदा विचारलं होतं, देव पुढची ओळ म्हणतो का गं? आई म्हणाली होती, म्हणतो की. मला ऐकू येत नाही म्हणून काय तो म्हणत नाही?

“कळेल,” थोरली म्हणाली.

तिने आवाज बंद केला. खोलीत फक्त ड्रायरची घरघर उरली. तीही सुनेने उठून बंद केली. थोरलीने एक पांढरी चादर घेतली, दोन टोकं चिमट्यांत अडकवली, दोन हातात धरून मागे सरकली, ताणली आणि ओळ उचलली.

दार लावू नको देवा…

ती चालू लागली. अर्ध्या वाटेवर, जिथे तो आवाज यायचा, तिथे काहीच आलं नाही. आपलाच आवाज इतका उघडा तिने कधी ऐकला नव्हता. पडद्यावर धाकटीचे ओठ हलत होते, भलत्याच ठिकाणी, मागचं काहीतरी म्हणत. ते पाहून तिचे पाय अडखळले. तिने डोळे मिटून घेतले. वाटेवर आहे मी, म्हणत ती चिमट्यांपाशी पोचली आणि थांबली. अर्धाच श्वास. जास्त नाही, कमी नाही. हात पुढे होते, त्यात कुणी टोकं दिली नाहीत, तिने ती आपली आपण काढून घेतली. वाकून घडी उचलली आणि दुसरी ओळ म्हणत मागे सरकली. गाणं तिने शेवटपर्यंत तसंच नेलं.

डोळे उघडले तेव्हा चादरीचा एक कोपरा जमिनीला टेकला होता. दाराशी सून तोंडाला ओढणी लावून उभी होती.

थोरलीने आवाज चालू केला. तिकडे नळ गळत होता, तेवढाच ऐकू येत होता.

“जमलं का गं?”

शब्द गेले. थोरली चादर छातीशी धरून उत्तराची वाट बघत राहिली. समुद्र ओलांडायला लागतो तेवढा वेळ लागला.

“ताई,” धाकटी म्हणाली, “तू समोर आलीस. टोकं दिली मी तुझ्या हातात. तू थांबलीस ना तिथे, अगदी तेवढंच…” मग नाक ओढून म्हणाली, “चादर टेकली नाही ना खाली?”

“छे गं,” थोरलीने कोपरा पायाने मागे सारला.

“खोटारडी. आता तू ऐक. मी सुरू करते. तुझा आवाज माझ्याकडे बंद करते.”

थोरलीचा जीव त्या क्षणी पुढे धावला. तो आवाज, आत्ता, याच खोलीत, आपल्या आवाजाला येऊन चिकटलेला! नुसतं हो म्हणायचं होतं.

“नको,” ती म्हणाली. “माझी पाळी शिल्लक राहू दे. बरी होऊन ये, मग पहिली ओळ तू उचल. तोवर सुरुवात पाठ कर.”

“आणि घोगरा निघाला आवाज तर?”

“तर मी खालच्या सुरात उतरेन. तुझ्याजवळ येईन तेवढी.”

फोन बंद झाला. थोरलीने टेकलेली चादर उचलली, क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि पाण्यात टाकली. मग दुसरी चादर घेऊन चिमट्यांना लावली, मागे सरकली आणि पहिली ओळ न म्हणताच उभी राहिली. ती ओळ आता तिची नव्हती.