शिट्टीला लागलेली दृष्ट

उद्यमनगरात बोर्ड चढवणं सोपं, तो टिकवणं अवघड. प्रसेनजीतनं आपल्या गॅरेजवर ‘टर्बो स्पेशालिस्ट’ असा लाल अक्षरांचा बोर्ड लावला, त्या दिवशी सगळ्या गल्लीला कट वडा खाऊ घातला. वडा खाऊन गल्ली त्याच्या बाजूची झाली. एक बाळासो तेवढा तटस्थ राहिला. बाळासोचं समोरच टायर-पंक्चरचं दुकान. त्यानं दुसरी प्लेट संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाला, “स्पेशालिस्ट म्हणं. बघू की.”

तसं प्रसेनजीतच्या खात्यावर जमेची बाजू भक्कम होती. डिप्लोमा केलेला, पुण्यात बरीच वर्षं टर्बोच्या कारखान्यात राबलेला, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सांगणारा. नावे बाजूला एकच नोंद: गाडी पळायला पाहिजेच, पण आतनं दिसायलाही देखणी पाहिजे, हा नाद. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत लग्नघर दिसायचं. लाल पाईप, निळे क्लॅम्प, चकचकीत नळ्या.

असं लग्नघर पृथ्वीराजच्या गाडीतही होतं. पृथ्वीराज माझा शेजारी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला. पगार घरी येतो की गाडीत जातो, हे त्याच्या आत्तीलाही सांगता आलं नसतं. प्रसेनजीतनं त्याच्या डिझेल गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन अक्कल शिकवली, पुढं हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसवला आणि इंजिनात जोरानं हवा कोंबणाऱ्या टर्बोची शिट्टी अशी मोकळी केली, की पृथ्वीराज कळंब्याच्या कोपऱ्यावर वळला की घरात बनाबाई आत्ती चहाचं आधण ठेवायची. पोराला आईमागं तिनंच वाढवलेलं. त्याच्या गाडीकडं कुणी जरा टक लावून बघितलं, की आत्ती लगेच मीठ-मोहऱ्या शोधायला लागायची.

आणि मग शिट्टी बंद पडायला लागली. रोज नव्हे, मन मानेल तेव्हा. कागलला जाताना झकास वाजायची आणि येताना उजळाईवाडीच्या पुलावर पाय दाबला, की नुसती घरघर. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न मारत पुढं जायचा.

पृथ्वीराज गाडी घेऊन गॅरेजात यायचा, बरोबर बहुतेक वेळा मी. प्रसेनजीत लॅपटॉप जोडायचा, पाईपांत धूर सोडून कुठं फट आहे का बघायचा, क्लॅम्प आवळायचा आणि एक चक्कर मारून यायचा. शिट्टी अशी वाजायची, की रस्त्यावरची कुत्री बाजूला व्हायची.

“काय झालंय हिला?” प्रसेनजीत विचारायचा.

“भावा, तुझ्याकडं आणली की साळंत साहेब आल्यागत वागती. घरी नेली की परत त्येच.”

“आणखी काय जाणवतंय?”

“गरम झाली की लोणच्याचा वास येतोय.”

“जेवणाचा डबा गाडीत इसरत असशील.”

ही नोंद तिथंच खोडली गेली. ती खोडायला नको होती, पण गाडीच्या रोगलक्षणांत लोणचं कुठल्याच पुस्तकात नाही.

असं वारंवार व्हायला लागल्यावर बाळासोच्या तोंडाला धार चढली. गिऱ्हाईक गॅरेजसमोर उभं राहिलं, की हा टायर बडवता बडवता ओरडायचा, “पावणं, बोर्डावर जाऊ नगासा! अक्षरं पक्की हायती, बाकीचं आपलं आपण बघायचं!” एका गिऱ्हाइकानं खरंच गाडी वळवून नेली. त्या दिवशी प्रसेनजीत पाना घेऊन रस्ता ओलांडून गेला. आम्हाला वाटलं, मारतोय. त्यानं पाना टायरवर आपटला.

“येत्या रविवारी पन्हाळा. गडावर जाईपातूर शिट्टी बंद पडली, तर बोर्ड उतरून ठेवतो. माझ्या हातानं!”

“ठेवतोस कशाला? मला दे,” बाळासो म्हणाला. “पंक्चर बघायच्या पाण्याच्या टपाला झाकण हुईल.”

झालं. अख्ख्या उद्यमनगरासमोर बोललेला शब्द. परत घ्यायची सोय नव्हती.

शनिवारी पृथ्वीराजनं विचारलं, “सकाळी गॅरेजात आणू न्हवं? एकदा बघून घे.”

प्रसेनजीतनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “न्हाय. माझ्याकडं ती सोंग करती. घरात जशी उभी असती तशीच काढायची. मी येतो तुझ्या दारात.”

रविवारी दारातच आत्तीनं हट्ट धरला, मी पण येणार. ती आणि मी मागं बसलो, प्रसेनजीत पुढं, नजर टर्बोचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर. बाळासो त्याच्या जुन्या जीपमध्ये चार साक्षीदार कोंबून आमच्या मागं. पृथ्वीराज गाण्यावर ताल धरत होता, पण आत्ती मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मी म्हटलं, “बरं वाटत न्हाय काय?” तर म्हणाली, “गाडी आज गॅरेजात न्यायची न्हवती व्हय?” आणि पुन्हा पदर गुंडाळायला लागली.

वाघबीळपर्यंत गाडी गात गेली. गडाचा चढ लागला, पृथ्वीराजनं गिअर उतरवला, पाय दाबला. शिट्टी चढली, चढली आणि मध्येच गळा दाबल्यासारखी गप्प झाली. काटा आडवा. मागून बाळासोच्या जीपचा हॉर्न वरातीसारखा वाजायला लागला. जीप आम्हाला ओलांडून गेली, खिडकीतनं चार हात टाटा करत.

“थांबव,” प्रसेनजीत म्हणाला. “बंद कर. आत्ताच्या आत्ता, गरम हाय तवरच बघायचं.”

त्यानं बॉनेट उचललं आणि भक्कन वास आला. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा.

टर्बोला ‘चल’ म्हणून सांगणारा एक बारीक पाईप असतो. प्रसेनजीतनं हौसेनं लालभडक घातलेला. त्याच्यावर काळा दोरा गुंडाळला होता, गाठीवर गाठ. दोऱ्यात बिब्बा, करपून काळ्या झालेल्या मिरच्या आणि शिजून गळालेलं लिंबू. दोऱ्याखाली पाईप चिपाडासारखा चपटा झालेला. थंड असताना तग धरायचा. गरम झाला की मऊ पडायचा, आणि दोरा त्याचा गळा धरायचा.

प्रसेनजीत बघतच राहिला. त्याच्या घरात लिंबू फक्त सरबतात पडतं.

आत्ती शेजारी येऊन उभी होती. खालमानेनं म्हणाली, “मी बांधलंय.”

“आत्ती, पण हितं?” प्रसेनजीतनं विचारलं.

“म्होरं जाळीला बांधलं व्हतं, तर तूच म्हणालास, हवा अडती, काढा. मग म्हटलं लोकांची नजर काय गाडीवर न्हाई, शिट्टीवर हाय. जिथनं शिट्टी येती तिथं बांधलं.”

“जागा तर बराब्बर वळकलासा!” प्रसेनजीतच्या तोंडून निघून गेलं. “आन गॅरेजात यायच्या आधी?”

“काढून ठेवायची. तू हसतोस की.”

“परत आल्यावर?”

“परत बांधायची. शिट्टी बंद पडली म्हंजे नजर आणखी लागली न्हवं? मग एक गाठ जास्त मारायची.”

पृथ्वीराज तोंड उघडून ऐकत होता. मला हसू आवरेना, पण आत्तीचे डोळे भरून आलेले बघून आवरलं. तेवढ्यात वरच्या वळणावरून जीप उलटी येताना दिसली. उद्या हे उद्यमनगरात गेलं, तर आत्तीला बाजारातनं चालणं मुश्कील झालं असतं. न गेलं, तर बोर्ड गेला. प्रसेनजीतनं खिशातनं छोटं पातं काढलं, दोरा कापला आणि बिब्बा, मिरच्या, लिंबू सगळं पँटच्या खिशात कोंबलं.

“काय मोडलं, स्पेशालिस्ट?” बाळासो जीपमधून उतरला.

“पाईप मऊ पडला. कंपनीचा कडक असतोय. मी दिसायला म्हणून लाल घातला. चूक माझी.”

ह्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. अर्धं खरं इतकं सफाईनं मांडलेलं मी फार कमी वेळा बघितलंय.

त्यानं पाईप चोळून मोकळा केला. उरलेला चढ गाडीनं असा कापला, की बाळासोची जीप आरशात दिसेनाशी झाली. पण शब्द तो शब्द. गडावर बाळासोनं खुशीत सगळ्यांना झुणका-भाकरी खाऊ घातली. प्रसेनजीतनंही पोटभर खाल्ली, खिशाला तेवढा लिंबाचा डाग पडला.

सोमवारी त्यानं खरंच शिडी लावली, बोर्ड उतरवला आणि रस्ता ओलांडून बाळासोच्या टपाला टेकवला. गल्ली दारात उभी. बाळासो बोर्ड टपावर बसतोय का, ते मापून बघत होता.

तेवढ्यात बनाबाई आत्ती आली. काखेत पिशवी, चालीत वादळ.

“बाळासो, उचल त्यो बोर्ड.”

“आत्ती, पैज हरलाय त्यो.”

“त्यो न्हाई, मी हरलीया. बिब्बा मी बांधला व्हता पाइपाला. पोरानं माझी लाज झाकली आन आपली घालवली. उचल!” आणि तिनं लोणच्यासकट सगळी हकीकत रस्त्याच्या मधोमध उभं राहून सांगितली. गल्ली हसून हसून लोळली. आत्तीही हसली, आणि ती स्वतःच हसल्यावर तिला चिडवण्यात कुणाला मजा उरली नाही.

बाळासोनं स्वतः बोर्ड चढवला. शिडी प्रसेनजीतनं धरली. “डावीकडं घे की लेका,” तो खालून म्हणाला, “टायर बसवतानाबी असंच वाकडं बसवतोस काय?”

पृथ्वीराजच्या गाडीत आता कंपनीचा साधा काळा पाईप आहे. दिसायला काही नाही.

बोर्ड बसल्यावर आत्तीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. “केवढा मोठा दिसतोय! याला तर—” तिचा हात पिशवीत गेला.

“आत्ती!” प्रसेनजीत ओरडला.

“बरं बाबा, न्हाई.” तिनं हात बाहेर काढला. हातात नवाकोरा बिब्बा ओवलेला दोरा होता. घरनं आणलेला परत कसा न्यायचा, असा विचार तिच्या तोंडावर दिसत होता, तेवढ्यात समोर बाळासोच्या दुकानात हवा भरायचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला. टाकी भरली आणि त्यानं लांबलचक, खणखणीत शिट्टी घातली.

आत्तीनं हळूच मान वळवली.

बाळासो अजून शिडीवरच होता.