शंभरातून अठ्ठ्याऐंशी

अनिशने सिनेमा काढला आणि त्याला नाव म्हणून नुसतं एक टिंब दिलं, तेव्हाच विनयाबाईंनी ओळखलं की पोराचं काही खरं नाही. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई त्या. टिंबाला लांबी नसते, रुंदी नसते, आणि अशा वस्तूचं तिकीट काढून कोण बघायला जाणार? पण गेलं की दिल्लीतलं सगळं मराठी मंडळ. आपल्यातल्या मुलाचा सिनेमा, तोही परदेशात कुठेतरी बक्षीस मिळवून आलेला, म्हटल्यावर रविवारी सकाळी अकरा वाजता नोएडातल्या एका स्टुडिओच्या छोट्या हॉलमध्ये साठ माणसं हजर होती. बक्षीस लागलं की पोरगं आपल्यातलं होतं, एरवी ते 'काय करतो हो सध्या तुमचा अनिश' असतं.

विनयाबाई आणि मुरलीधरराव करोल बागेतून मेट्रोने आले. मुरलीधरराव सिनेमासाठी आले होते. विनयाबाई मुलाला घरी न्यायला आल्या होत्या.

भांडण दोन वर्षांचं होतं. गणपतीत जेवता जेवता अनिशने विषय काढला. लहानपणी एक मार्क कमी पडला की आई एक दिवस त्याच्याशी बोलायची नाही, आणि नुसतं बोलायची नाही असं नव्हे, घरात तो नाहीच असं सगळ्यांनी वागायचं, हा तिचा हुकूम असायचा. विनयाबाईंनी शांतपणे वरण वाढलं आणि म्हणाल्या, "असं काही कधी झालेलं नाही. तुझ्या मनाचे खेळ आहेत." त्याने ताट सरकवलं. "झालं होतं एवढं एकदा म्हण, त्याच दिवशी घरी येतो," म्हणून तो गेला तो गेलाच. फोन उचलायचा, पण घरी पाऊल ठेवलं नाही. विनयाबाईही काही कमी नव्हत्या. जे झालं नाही ते झालं कसं म्हणायचं? दोन दिवाळ्या झाल्या, दोन वाढदिवस झाले, त्याच्या आवडीच्या करंज्या दोनदा डब्यात मऊ पडल्या, तरी बाई ढळल्या नाहीत.

दिवे गेले आणि पडद्यावर तीच गोष्ट सुरू झाली.

गणिताची शिक्षिका असलेली एक आई. मार्क कमी आले की मुलाचं पान मांडलं जात नाही. तो खोलीत बसलेला असताना ती दिवा आणि पंखा बंद करून निघून जाते, रिकाम्या खोलीचा करावा तसा. बाप पेपरमागे. पोरगा आधी आरशात स्वतःला तपासतो, मग मोठ्याने गाणी म्हणून बघतो, आणि शेवटी शेजाऱ्यांच्या घरात शिरून झोपलेल्या माणसांच्या उशाशी उभा राहायला लागतो, कारण आपण कुणाला दिसतच नाही अशी त्याची खात्री पटलेली असते. हॉलमध्ये कुणी खोकत नव्हतं. शेजारी बसलेल्या हेमांगीने, म्हणजे मंडळाच्या खजिनदार बाईने, पदर तोंडाला लावला होता आणि पदराआडून वेफर्स चालू होते.

"कसली बाई आहे हो ही," ती कुजबुजली. "चेटकीण."

विनयाबाईंना ती बाई मुळीच वाईट वाटली नाही. खरं सांगायचं तर अख्ख्या सिनेमात वेळेवर उठणारी, वेळेवर कुकर लावणारी आणि दिलेला शब्द पाळणारी ती एकटीच होती. बाकी सगळे नुसते रडतभेकत होते.

मध्यंतरात बटाटेवडे आले. अलकनंदा नावाच्या सेक्टर बासष्टमधल्या एका आईचे डोळे रडून सुजले होते. "मुलांशी असं वागवतं तरी कसं लोकांना," ती म्हणाली, आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला. "केमिस्ट्रीत किती? बस, एवढेच? मग ठेव फोन. घरी आल्यावर बघते." फोन पर्समध्ये टाकून तिने पुन्हा डोळे पुसले. मंडळाचे सचिव राजाभाऊ सांगत होते की सिनेमा चांगला आहे पण सहकुटुंब बघण्यासारखा नाही, आणि ते सहकुटुंबच आले होते. मुरलीधररावांची तक्रार वेगळीच.

"बापाला एकही वाक्य दिलेलं नाही," ते वडा मोडत म्हणाले.

"खऱ्यात तरी कुठे होतं?" विनयाबाईंच्या तोंडून गेलं, आणि त्यांनी घाईघाईने चहा घेतला.

सिनेमा संपला. मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे प्रतिक्रियांचा कार्यक्रम झाल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. अनिश माइक घेऊन पुढे उभा राहिला. दाढी वाढलेली, वाळलेला. नजर सगळ्यांवरून फिरली, आईपाशी थांबली नाही.

कुणी विचारलं, फ्लॅट भाड्याचा होता का. कुणी म्हणालं, शेवट सकारात्मक हवा होता. हेमांगीने उभं राहून जाहीर केलं की अशा आया परदेशात असतील, आपल्यात नाहीत, आपण मुलांसाठी जीव टाकतो. टाळ्या पडल्या. अलकनंदाच्या सगळ्यात जोरात. विनयाबाईंनीही दोन वाजवल्या. कुणालाही काही कळलेलं नव्हतं. अजून दहा मिनिटं गप्प बसायचं, मग बाहेर त्याचा हात धरायचा आणि जेवायला न्यायचं, बस.

मग पुष्कर उठला. पुण्याहून आलेला, आयटीतला, दुसऱ्याच्या कामातली चूक दिसली की दिवस सत्कारणी लागणारा. "यार, बाकी बिल्कुल जबरदस्त आहे," तो म्हणाला, "पण एक लॉजिकचा घोळ आहे. एका मार्काला एक दिवस, बरोबर? नववीत त्याला अठ्ठ्याऐंशी पडतात. आणि भिंतीवर तो पंधरा रेघा मारतो. शंभरातून अठ्ठ्याऐंशी गेले की पंधरा? आणि म्हणे गणिताची बाई."

हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणून तर पोरगा बिघडला."

"मला पंधराच आठवतात," अनिश म्हणाला.

इथे विनयाबाईंनी गप्प बसायला हवं होतं. चेटकीण म्हटलं ते त्यांनी गिळलं होतं. आपल्यात असं नसतं म्हटलं, त्यावर टाळ्याही वाजवल्या होत्या. पण साठ माणसांसमोर वजाबाकी चुकली म्हणतात? एकतीस वर्षांत फळ्यावर एक आकडा चुकला नव्हता. त्या कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"बारा," त्या म्हणाल्या, वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात. "बाराच दिवस होते. सात ऑक्टोबर ते अठरा ऑक्टोबर, दोन्ही धरून. दसरा मध्ये आला होता, तोही मोजलेला आहे. माझ्याकडे डायरी आहे."

हेमांगीने वेफर्सची पिशवी हळूच आपल्या पलीकडच्या मांडीवर, विनयाबाईंपासून लांब ठेवली. मुरलीधरराव बुटांकडे बघत बसले. पुष्करला तेवढ्यातही आपलं गणित बरोबर निघाल्याचा आनंद झालेला दिसला.

अनिशने माइक खाली ठेवला. "म्हणजे झालं होतं," तो म्हणाला.

विनयाबाईंचे कान तापले. जन्मात पहिल्यांदा त्यांना आपण बरोबर असल्याची लाज वाटली. तो खुर्च्यांमधून त्यांच्यापर्यंत आला. लोकांनी पाय आत घेऊन वाट दिली, पण पुढचं बोलणं ऐकू येईल इतपतच बाजूला झाले.

"घरी चल," त्या म्हणाल्या. "शब्द दिला होतास."

"येतो. आज इथलं आवरायचंय. उद्या जेवायला येतो." मग म्हणाला, "तेराव्या दिवशी काय झालं, आठवतं? मी शाळेतून आलो. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, 'आलास?' जसा काही बारा दिवस गावाला गेलो होतो. हातपाय धू, पोहे केलेत म्हणालीस. ते सिनेमात घातलं नाही. लोकांना खोटं वाटलं असतं."

विनयाबाईंना आठवत होतं. पोह्यांवर खोबरं होतं हेही आठवत होतं. दुरुस्त करायला त्यात काहीच नव्हतं.

"उद्या येईन तेव्हा दुसरं काहीतरी म्हण," अनिश म्हणाला, आणि वायरी गुंडाळायला निघून गेला.

परतीच्या मेट्रोत मुरलीधररावांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला आणि दोनदा सोडला. विनयाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. यमुना गेली, तरी त्या मनातल्या मनात दारच उघडत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला 'आलास?' सोडून आणखी काय म्हणतात, ते त्यांना काही केल्या सुचत नव्हतं.