डबा चावतो

रविवारी कॉम्प्युटर धुळ्याला परत नेऊन द्यायचा, हे हितेंद्रचं ठरलं होतं. गुन्हेगार कोण, हेही ठरलं होतं. त्याची तेरा वर्षांची मुलगी, भूमिका.

“सर, तुम्हीच सांगा,” तो मला म्हणाला. “दोनदा धुळ्याला नेला. दुकानात दोन-दोन दिवस चालू ठेवला त्यांनी, एकदाही बंद पडला नाही. घरी आणला की दिवसातून तीनदा बंद. आता घरी त्याच्यावर कोण बसतं? हीच ना?”

“पप्पा, मी काहीच करत नाही.”

“मग काय भूत येतं?”

भूमिकाने माझ्याकडे पाहिलं. मी भडगावच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. हितेंद्र माझ्याच हाताखालून गेलेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीतली पोरं अजून येतात, आणि भूमिका तर रोज. मला आबा म्हणते. ती त्या कॉम्प्युटरवर एक खेळ तयार करत होती. गिरणेला पूर आलाय, तीरावर शेळ्या अडकल्यात, नावेतून एकेक शेळी पलीकडे न्यायची. सतरा शेळ्यांपैकी नऊ शेळ्या तिने पलीकडे नेऊन दाखवल्या होत्या. पण मधेच पडदा काळा व्हायचा, यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि तासाभराचं काम वाहून जायचं. ते तिने सोसलं असतं. खोटारडी म्हटलेलं तिला सोसत नव्हतं.

“हितेंद्र,” मी म्हणालो, “रविवारपर्यंत थांब. आजार शोधायचा तर आधी नोंदी लागतात. आम्ही नोंदी ठेवतोय.”

“ठेवा,” तो हसला. “तुमची लाडकी विद्यार्थिनी आहे.”

नोंदी म्हणजे दोनशे पानी वहीतला तक्ता. मीच आखून दिला होता. तारीख, वेळ, पडद्यावर काय चाललं होतं, घरात काय चालू होतं, इतर. तक्ता सुरू करण्याआधी आम्ही सोपे उपाय करून पाहिले होते. डब्याचं झाकण काढून धूळ उडवली. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं आणि पुन्हा बसवली. पंखा फिरतो का पाहिलं. वायर बदलली. धुळ्याच्या दुकानदाराने तर आतला वीजपुरवठ्याचा डबाही नवा घातला होता. फरक पडला नाही. मी भूमिकाला सांगितलं होतं, “घाई करायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे दिसेल ते लिहायचं. आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही.”

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. एप्रिल संपत आला होता. बाहेर डोळे उघडवत नव्हते. खिडकीत लोखंडी कूलर घरघरत होता, त्याच्या शेजारीच टेबलावर कॉम्प्युटर. भूमिकाची आई दिपमाला रिकामी बादली घेऊन आत आली.

“सर, बठा,” ती म्हणाली. “ताक देऊ का?”

“आधी वही,” मी म्हणालो.

अकरा दिवस, तेवीस वेळा बंद. मी बोट ठेवून वाचत गेलो. ‘घरात काय चालू होतं’ या रकान्यात तेवीसच्या तेवीस वेळा एकच शब्द होता. कूलर.

“बघा!” हितेंद्र म्हणाला. “लोड आहे म्हणजे. कूलर सुरू झाला की कॉम्प्युटरला वीज कमी पडते.”

“पण पप्पा, मंगळवारी आणि आज सकाळीही कूलर चालू होता. तेव्हा एकदाही बंद नाही पडला.”

ती खरं बोलत होती. मंगळवारच्या ओळीत शून्य. आजच्या सकाळच्या ओळीतही शून्य. दोन्ही ओळींच्या शेवटच्या रकान्यात तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘नळाला पाणी आलं. मम्मीने अंगण धुतलं.’

“याचा काय संबंध?” हितेंद्र म्हणाला. “उद्या लिहिशील, मम्मीने कळण्याची भाकरी केली.”

दिपमाला हसली. मी हसलो नाही. मला काहीतरी आठवत होतं, पण ते अजून हाताला लागत नव्हतं.

“अंगणातलं पाणी कुठे जातं?” मी विचारलं.

“पहिले मोरीचं बठ्ठं पानी तथाच जाये, त्या कोपराले,” दिपमाला म्हणाली. “होळीपासून मी मोरीचं पानी केळीस्ले सोडस. नळले चौथा दिवसले पानी. केळी मरी जातीस ना, सर. मंग अंगण धुतं तवाच तो कोपरा वल्ला व्हस.”

“आणि त्या कोपऱ्यात काय आहे?”

“अर्थिंगचा खड्डा,” हितेंद्र म्हणाला.

मी वही मिटली नाही, पण मला पुढचं दिसेनासं झालं. मला शाळेचं मैदान दिसलं. नववी ब. कडुनिंबाखाली जमिनीत ठोकलेली लोखंडी सळई. माझ्या हातात बल्बचा होल्डर, त्याची एक वायर प्रयोगशाळेतल्या फेजला, दुसरी त्या सळईला. बल्ब मिणमिणत होता. “आता बघा हं,” मी म्हणालो होतो, आणि एका मुलाला मगभर पाणी सळईच्या बुडाशी ओतायला लावलं होतं. बल्ब लख्ख झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाण्याचा तो मग ज्याच्या हातात होता, तो मुलगा हितेंद्र होता.

“हितेंद्र,” मी म्हणालो, “या खोलीची वायरिंग कोणी केली?”

“मीच. का?”

“न्यूट्रल कुठून घेतलंस?”

तो एकदम खुलला. शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने म्हणाला, “तीच तर गंमत आहे सर. दिवाळीत रंग दिला, फडताळ ठोकताना भिंतीतली न्यूट्रलची वायर तुटली. वायरमन म्हणाला, भिंत फोडावी लागेल. म्हटलं, कशाला? अर्थिंगची वायर आहेच की. तिलाच जोडून टाकलं. खोली चालू! तुम्हीच शिकवलं होतं, सर. फेज आणि जमीन, बल्ब पेटतो.”

“आणि त्या पेटीतलं बटण? अर्थमध्ये वीज गेली की आपोआप पडतं ते?”

“ते सारखं पडायचं. काढून टाकलं.”

मी उठलो. आधारासाठी टेबलाला धरायला गेलो आणि हात हवेतच थांबवला. टेबलावर तो लोखंडी डबा होता.

“भूमिका, मागे हो. तिथून उठ. हात लावू नको कशाला.”

“काय झालं, आबा?”

“उठ आधी.”

मी तिच्याशी असा कधी बोललो नव्हतो. ती भिंतीला जाऊन टेकली. मी खिशातला टेस्टर काढला. शिकवायची सवय गेली तरी टेस्टर खिशातून गेला नाही. डब्याच्या मागच्या स्क्रूला टोक लावलं. टेस्टरमधला लाल दिवा पेटला. भर दुपारी, उजेडात, लांबूनही दिसावा इतका.

मग मी तो कूलरच्या पत्र्याला लावला. तिथेही पेटला.

कूलरचं पाणी टपटपत होतं.

“हा डब्बा चावस असं पोर सांगे,” दिपमाला हळूच म्हणाली. “पन कूलर तं बठ्ठास्लेच चावस, सर. म्हनीसन मी चप्पल घालीसनच पानी टाकस.”

माझी नजर तिच्या पायांकडे गेली. निळ्या रबरी चपला, टाचेला झिजून कागदासारख्या झालेल्या. रोज तीन बादल्या, असे किती दिवस?

“मेन बंद कर,” मी हितेंद्रला म्हणालो. “आत्ता.”

मेन पडला. कूलरची घरघर थांबली आणि घरात इतकी शांतता पसरली, की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू आली.

मी त्यांना समजावून सांगितलं. आयुष्यभर समजावून सांगायचंच काम केलं, पण त्या दिवशी एकेक वाक्य जड जात होतं. कूलर चालतो, त्याची वीज परत जायला वाट हवी. ती वाट असते न्यूट्रलची. ती तुटली म्हणून तू ती वीज जमिनीत सोडलीस. दिवाळीत, थंडीत मोरीच्या पाण्याने खड्डा ओला होता, जमिनीने ती पिऊन टाकली. होळीनंतर खड्डा कोरडा पडला. कोरडी माती वीज पीत नाही. म्हणून कूलर जोरात चालला की कॉम्प्युटरला पुरेशी वीज मिळेना, तो बंद पडायचा. अंगण धुतलं की माती भिजायची आणि तो नीट चालायचा.

“आणि जी वीज मातीत जात नाही ती?” भूमिकाने विचारलं.

“ती त्याच अर्थिंगच्या वायरवर साचून राहते. आणि ती वायर प्रत्येक लोखंडी डब्याला जोडलेली असते. माणसाला वाचवायला जोडलेली असते, बेटा. आपण तिच्यातूनच वीज वाहू दिली.”

हितेंद्र जमिनीवर बसला होता. तो मुलीकडे पाहत होता, मग बायकोच्या चपलांकडे, मग पुन्हा मुलीकडे.

“मी हिला खोटं बोलते म्हणालो,” तो म्हणाला. “बुधवारी तर हातच उगारला होता.”

भूमिकाने वही उचलली आणि मधलं एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. तक्रारीने नव्हे. आठवण करून द्यावी तसं.

बारा एप्रिल. ‘इतर’च्या रकान्यात लिहिलं होतं, ‘डबा चावला. पाय ओले होते.’ त्यावर लाल शाईची आडवी रेघ. रेघेच्या टोकाला माझं अक्षर, ‘मनाचा भास. जे दिसेल तेच लिहावे.’ चौदा एप्रिललाही तीच रेघ. सतरालाही. त्यानंतर तिने लिहिणंच सोडून दिलं होतं.

लाल शाई माझी. एकतीस वर्षं मी या शाईने चुका दाखवल्या. इथे मी त्याच शाईने एकच खरी गोष्ट खोडली होती, तीही तीनदा.

“आबा, तुम्ही रडू नका,” भूमिका म्हणाली.

“पेन दे,” मी म्हणालो. तिच्या कंपासमधलं लाल पेन तिने दिलं. मी ते तिलाच परत दिलं. “तू तपास. माझी चूक तू तपास.”

तिने थोडा विचार केला आणि माझ्या शेऱ्यावर रेघ मारून खाली लिहिलं, ‘डबा खरंच चावला होता.’

हितेंद्र उठून तिच्याजवळ गेला. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला कळेना. शेवटी म्हणाला, “धुळ्याला नाही न्यायचा. भिंत फोडू. उद्याच फोडू. अख्खी फोडू.”

“रंग?” दिपमालाने विचारलं.

“रंगले काय चाटू?”

ती हसली आणि हसता हसताच पदराने तोंड झाकून घेतलं.

मी घरी जायला निघालो आणि दारातच थांबलो. त्या प्रयोगाच्या दिवशी मैदानावर तास संपल्याची घंटा झाली होती. मी म्हणालो होतो, “उरलेलं उद्या.” उरलेलं म्हणजे, ती सळई आता माणसाला मारू शकते, हे. दुसऱ्या दिवसापासून मला जनगणनेच्या कामाला लावलं. परत आलो तेव्हा पुढचा धडा सुरू केला. उरलेलं राहून गेलं, ते पंचवीस वर्षं तसंच.

“हितेंद्र, तुमच्या वर्गात किती मुलं होती?”

“नववी ब? बेचाळीस.” मग त्याच्या लक्षात आलं.

“तुमचा तो मोबाईलवर ग्रुप आहे ना?”

त्याने उभ्या उभ्याच लिहिलं. ‘गुलाब सर विचारत आहेत. घरी, शेतात कुणी न्यूट्रलऐवजी अर्थिंग वापरलं आहे का? खरं सांगा.’

पहिलं उत्तर मी दारातून परत आत येईपर्यंत आलं. रतिलालचं. ‘हो सर! विहिरीवरच्या खोलीत. तुमच्यामुळेच जमलं’ आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. मग आकाशचं, ‘दुकानाच्या मागच्या खोलीत आहे, एकदम मस्त चालतं.’ मग संघपालचं. तो आता वायरिंगची कामं घेतो. ‘सर, ही ट्रिक मी बऱ्याच जणांना करून दिली. आठ-दहा घरं असतील.’

भूमिकाने नवं पान काढलं. तक्ता आखायला पट्टी घेतली. मी काही सांगण्याआधीच तिने पहिल्या रकान्याचं नाव लिहिलं होतं. ‘काय चावतं?’

तेवढ्यात हितेंद्रचा फोन वाजला. गिरधर होता, वाक गावाच्या रस्त्याला गुरं सांभाळून असतो तो. हितेंद्रने फोन माझ्या हातात दिला.

“सर, पाया पडतो,” गिरधर खणखणीत आवाजात म्हणाला. “आमच्या गोठ्यातला पंखा अर्थिंगवरच आहे. पाच वर्षं झाली, काहीच त्रास नाही.”

“काहीच नाही?”

“नाही ना. फक्त नवी म्हैस थोडी आडमुठी आहे. खांबाजवळच्या हौदाला तोंडच लावत नाही. तहानेने मरेल, पण तिथे जाणार नाही. आत्ता बायकोला सांगितलं, दावं धरून ओढून ने तिला.”

“गिरधर, बायकोच्या पायात चप्पल आहे का?”

“गोठ्यात कसली चप्पल, सर?”

“मेन बंद कर,” मी ओरडलो. “बोलू नको, पळ. मी फोन धरून ठेवतो.”

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. पळत गेलेली पावलं ऐकू आली, गोठ्यातल्या पंख्याची घरघर, कुत्र्याचं भुंकणं, एका बाईचा लांबून आलेला चढा आवाज, “ओ, काय झालं?” हितेंद्र, दिपमाला, भूमिका, तिघं माझ्याभोवती उभी होती. मी फोन कानाला घट्ट लावून मेन पडण्याच्या त्या एका आवाजाची वाट पाहत राहिलो.

खट्.

आणि मग पंख्याचं फिरणं हळूहळू मंदावत गेलं.