दृष्टीबाबांची हिरवी बोटं

हॉल खचाखच भरलेला. खिडक्यांना काळे पडदे, मंचावर एकच निळा दिवा. दृष्टीबाबांनी एका आजोबांच्या ओल्या डोळ्याखाली बोट फिरवलं आणि गालावरून हिरवागार, चमकता थेंब ओघळला.

"निघालं विष!" बाबा गरजले. "डॉक्टरच्या बापाला तरी दिसलं असतं का?"

टाळ्यांचा कडकडाट. ताई मात्र दात-ओठ खात बसलेली.

डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणं हे तिचं काम. हातात पिवळं औषध टोचायचं, निळा प्रकाश टाकायचा, की डोळ्यातल्या रक्तवाहिन्या हिरव्या चमकतात. वाहिनी सुजली असेल तर औषध पाझरतं. वाहिन्या सुजण्याचा हा आजार क्वचितच सापडणारा. दुखत नाही, बाहेरून डोळा ठणठणीत. धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्यातला पाझर तिनेच पकडला होता. सुजेचं कारण शोधायला रक्त तपासलं, छातीचा फोटो झाला, गोळ्या सुरू झाल्या. आईने त्या गुपचूप बंद केल्या आणि त्याला इथे आणलं. तीन महिने विष निघत राहिलं. डावा डोळा गेला. आता उजव्यापुढे काळे ठिपके, आणि आई त्याला घेऊन पुन्हा पहिल्या रांगेत.

"ये बाळा," बाबांनी भावाला बोलावलं.

ताई त्याच्या आधी मंचावर.

"तू कोण गं?"

"याची बहीण. हात पुढे करा, बाबा."

"अगं, या हातांनी हजारो..."

तिने पाण्याची बाटली त्यांच्या बोटांवर उपडी केली. दहाही बोटं हिरवी पेटली! पांढऱ्या झग्यावर हिरवे ओघळ.

"हे आम्ही दवाखान्यात टोचतो तेच पिवळं औषध," ताई ओरडली. "कोरडं असलं की गप्प, ओलं झालं की निळ्या दिव्यात चमकतं. विष यांच्या नखात आहे!"

"पण पोरी, मला दिसतंय की," आजोबा म्हणाले.

"चांगला डोळा झाका, आजोबा."

त्यांनी झाकला. दुसऱ्या डोळ्यासमोर हात हलवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "अंधारच आहे गं."

बाबा हात पुसत मागच्या दाराकडे सरकले. ताईने मनगट धरलं. "पुसायचं नाही. पोलिसांना असेच दाखवायचे. माझ्या भावाच्या डोळ्याचा हिशेब आहे या हातांवर."

आई रडत उठली, भावाचा हात धरला. "चल, दवाखान्यात."

उजवा डोळा वाचेल की नाही, ते तपासणीच सांगेल. तुम्ही एवढंच करा: कुणी चमत्कार दाखवला, की आधी चांगला डोळा झाकून बघा.