मेबल ऑक्सलीने न टाकलेलं पत्र

१९६३ सालचा ऑगस्ट संपत आला होता. अल्बेमार्ल हॉटेलच्या ऑफिसात मी सकाळपासून एकच पत्र टाइप करत होते : हॉटेल विकलं गेलं आहे, सप्टेंबरपासून बंद होत आहे, आपलं आरक्षण रद्द समजावं. बदलायचं ते फक्त वरचं नाव.

मेबल ऑक्सली दारात येऊन उभी राहिली. "दे इकडं डोरीन, घरी जाता जाता पेटीत टाकते."

"हे तुमचं काम नाही, मेबलबाई."

"मग मॅनेजरसाहेब टाकणारेत? ते मिशी विंचरतायत."

मेबल तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. सत्तावीस वर्षं ती जेवणाच्या दालनात वाढत होती. तसलं दालन आता सांगून कुणाला पटत नाही. समुद्राच्या बाजूला भिंतच नव्हती, नुसत्या काचा. वारा उठला की झुंबरं किणकिणत. खाऱ्या हवेने चांदीचे चमचे रात्रीतून काळवंडत, म्हणून सकाळी पुन्हा घासायचे.

आमच्या नेहमीच्या पाहुण्यांपैकी मिस्टर अँब्लर हे ब्रॅडफर्डचे लोकरीचे व्यापारी. बायको गेल्यावरही त्यांनी सप्टेंबरचा दुसरा आठवडा सोडला नव्हता. नऊ वर्षांपूर्वीच्या एका आजारपणानंतर त्यांचा उजवा हात कापू लागला होता. त्यांना लागे धुरी दिलेला हेरिंग, आणि त्या माशात केसासारखे काटे. मेबल पडद्याआड उभी राहून एकेक काटा काढी, मासा पुन्हा अखंड दिसेल असा जुळवी आणि मगच नेऊन ठेवी.

"मेबल, तुमच्या समुद्रातल्या माशांना काटेच नसतात की काय?"

"आमचे मासे सभ्य आहेत, साहेब."

नऊ वर्षांत एवढंच बोलणं. तेवढ्यावर तिचा हिवाळा निघे. आम्ही मुली चिडवायचो, "मेबलबाई, तुमचे सभ्य मासेवाले कधी येणार?" ती म्हणायची, "गप्प बसा गं, भवान्यांनो," आणि दिवसभर गुणगुणत राहायची.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी लिलाववाले कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मी ऑफिस आवरत होते, मेबल चांदी पेटीत भरत होती. दुपारी दारात टॅक्सी थांबली आणि बॅग घेऊन मिस्टर अँब्लर उतरले.

"यांना पत्र गेलं नाही?" मी मेबलकडे वळले. बंद हॉटेलात ती कडक इस्त्रीचा एप्रन घालून उभी होती.

"एक राहिलं."

"राहिलं कसं?"

"राहू दिलं. ओरडू नकोस, पोरी. पत्र मिळालं असतं तर त्यांनी उलट टपाली लिहिलं असतं, 'कळले, आभारी आहे.' झालं! मग मी त्यांना कुठं पाहायचं? गेल्या वर्षी निघताना ते दारात थांबले होते. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. यंदा म्हणतील. पण समोर आले तर म्हणतील ना?"

तिने त्यांना त्यांच्या खिडकीतल्या टेबलापाशी नेलं. मासा सकाळीच धक्क्यावरून आणून ठेवला होता. मी पडद्यामागे उभी राहिले. लाज वाटली, पण राहिले.

"सगळंच बंद?" त्यांनी विचारलं.

"बंद, साहेब. पत्र माझ्याकडून राहिलं."

ते सावकाश जेवले. मग म्हणाले, "गेल्या हिवाळ्यात घरी असाच मासा आणवला, मेबल. नुसते काटे. दोन घासांत ठेवून दिला. तेव्हा कळलं मला."

त्यांनी कापऱ्या हाताने समोरची खुर्ची मागे ओढली. बायको असताना तिथे ती बसायची.

"बसा ना जरा. थोडं बोलायचंय, आणि असं मान वर करून मला ते जमायचं नाही."

मी मनात म्हणत होते, बस गं बाई, बस. पण अल्बेमार्लमध्ये वाढणारी बाई दालनात कधी बसत नसे. पाय सुजले तरी भिंतीला टेकायची सोय नव्हती. आता मालक नव्हता, मॅनेजर नव्हता, पाहायला कुणीही नव्हतं. मेबलचा हात खुर्चीच्या पाठीपर्यंत गेला. मग तिने त्याच हाताने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले.

"इथं आम्ही बसत नाही, साहेब. चहा आणू?"

त्यांनी ओढलेली खुर्ची पुन्हा आत सरकवली.

"आणा," ते म्हणाले.

चहा पिऊन ते चारच्या गाडीने गेले. आत आल्यावर मेबल भांडी घासायच्या हौदाला धरून उभी राहिली. "पाय वाकलेच नाहीत गं, डोरीन. वाकवत होते मी."

पुढच्या वसंतात हॉटेल पाडलं. छतावरच्या नक्षीतली चुन्याची फुलं कितीतरी वर्षं वाळूत सापडत. मॅनेजर दक्षिणेकडे सुट्टीला येणाऱ्यांच्या एका छावणीत नोकरीला लागले, ते तिकडेच वारले. मी एका बसचालकाशी लग्न केलं, चार मुलं झाली. आता घरात एकटीच आहे. मिस्टर अँब्लर सदुसष्ट सालच्या थंडीत गेल्याचं पेपरात आलं होतं. मेबल शाळेच्या स्वयंपाकघरात साठीपर्यंत राबली आणि चौऱ्याऐंशी साली झोपेतच गेली.

मिस्टर अँब्लर जाण्याच्या आदल्या वर्षी मेबल एकदा बसने ब्रॅडफर्डला गेली होती. पत्ता तिला पाठ होता. संध्याकाळी परत आली तेव्हा मी थांब्यावर उभी होते.

"भेटले?"

"घंटी वाजवली नाही मी."

आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने चालू लागलो. बरीच वाट गेल्यावर ती म्हणाली, "दार छान आहे गं त्यांचं. हिरवं. नुकताच रंग दिलाय."