उतरून न बघता

“उतरून तरी बघा की जरा,” मार्वा म्हणाली.

“बघायचंय काय त्यात? गवतात बीळ म्हणजे ग्राउंडहॉग. डोळे मिटून सांगतो,” म्हणत एल्डनने ट्रकच्या खिडकीतूनच बंदूक रोखली आणि चाप ओढला. गवतातलं तपकिरी डोकं खाली गेलं.

कॅनडाच्या कॅरिबू भागातल्या त्या खोऱ्यात कुरणात बीळ दिसलं, की लोक एल्डन पेनरला बोलावत. बिळात पाय मोडला की घोडा गेलाच, आणि मार्वाची घोडी तर गाभण होती. पण खोऱ्याची एक रीत होती. कुरण पोखरणारा एकटा ग्राउंडहॉग मारायचा, खडकांत कुटुंबाने राहणाऱ्या मार्मॉटला हात लावायचा नाही. दोघेही मांजराएवढे, बिळात राहणारे, दिसायला सख्खे भाऊ. फरक ओळखावा तो एल्डननेच, असं सगळे म्हणत. तोही म्हणे, जरा जास्तच.

मेलेलं जनावर उचलायला तो गेला. बुटाने उलटं केलं, तर पोट पिवळंधमक आणि डोळ्यांच्या मधे पांढरा पट्टा. ग्राउंडहॉगला यातलं काहीच नसतं.

“इथं दगडांचा ढीग होता ना गं?”

“वसंतात बुलडोझर लावून हलवला. शेडला जागा हवी होती. का हो?”

तो ढीग म्हणजे मार्मॉटचं घर. घर मोडलं म्हणून ते गवतात आलं होतं. चार पावलं चालला असता तरी दिसलं असतं.

“एकटंच असतं ना ते? मग मिटलं,” मार्वा म्हणाली. “चला, रुबार्बचा केक केलाय.”

नुसतं ‘हो’ म्हणून केक खाता आला असता. तेवढ्यात कुंपणाकडून, धोका दिसला की मार्मॉट घालतात तशी शीळ आली, मग दुसरी. गवतातून तीन डोकी वर आली. त्यातली दोन पिल्लं होती. आज गप्प बसलं, तर उद्या तीही ग्राउंडहॉग म्हणूनच मरणार होती.

“मार्वा, चुकलो मी,” तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. “हा मार्मॉट होता. मिजाशीत मारला मी. कुंपणापलीकडे ढीग परत रचून देतो, मग ती कुरणात यायची नाहीत.”

मार्वा म्हणाली, “आणि मागच्या वर्षी शेजारच्या ऑरिनच्या कुरणात मारलेले? तेव्हा तरी उतरला होतात का?”

एल्डनला आठवेना. आठवत नाही, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्याने कुंपणापलीकडे दगड वाहायला सुरुवात केली. तो वाकला की शीळ वाजे, उभा राहिला की पुन्हा वाजे. सगळी डोकी बिळात. पिल्लं दिसावीत म्हणून तो थोडा वेळ दगडांआड बसूनही राहिला, पण कुणी बाहेर येईना.

शेवटचा दगड ठेवून तो ट्रककडे चालू लागला. शीळ थांबली नव्हती. त्याने दार लावून घेतलं आणि गाडी वळणाआड नेली, तेव्हा कुठे कुरण शांत झालं.